पोरीला ‘ये निघून’ म्हणण्याआधी

परवा पुण्याहून एका ओळखीच्या काकूंचा फोन आला. "पोरीला म्हटलंय, तिकीट काढ आणि नातवाला घेऊन सरळ निघून ये. पुढचं पुढे बघू. बरोबर केलं ना गं?" मुलगी इथे न्यू जर्सीत, नवरा हात उचलतो, नातू पाच वर्षांचा. मी म्हटलं, काकू, आज तिकीट काढू देऊ नका, मला पाऊण तास द्या. त्या पाऊण तासात त्यांच्याशी जे बोलले ते इथे लिहिते आहे, कारण असा फोन मला पहिल्यांदा आलेला नाही.

मी इथल्या कोर्टांमध्ये मराठी-हिंदी दुभाषी म्हणून अकरा वर्षं काम करते. वकील नाही. कोर्टात ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही ही आमची शपथ आहे, त्यामुळे इथे कोणाच्याही खटल्यातलं काही नाही. एक गोष्ट आहे ती माझ्या घरातली आहे, आणि बाकी सगळा कायदा.

काकूंना सगळ्यात मोठी भीती होती ‘फेडरल किडनॅपिंग’ या शब्दांची. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, जन्मठेप होते. होते, पण त्या कायद्यात. १९३२ साली न्यू जर्सीतच विमानवीर चार्ल्स लिंडबर्ग यांचं वीस महिन्यांचं बाळ घरातून पळवून मारलं गेलं आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने अपहरण हा केंद्राचा गुन्हा केला. लोक आजही त्याला लिंडबर्ग कायदा म्हणतात. त्यात कितीही वर्षांची कैद किंवा जन्मठेप आहे. पण स्वतःच्या अल्पवयीन मुलाला नेणाऱ्या आईबापाला त्याच कायद्याच्या पहिल्या कलमात वगळलं आहे. ही सूट १९३४ च्या दुरुस्तीपासून आहे.

आईबापांसाठी वेगळा कायदा आला तो १९९३ मध्ये. सोळा वर्षांखालचं मूल दुसऱ्या पालकाच्या हक्काआड येण्याच्या हेतूने अमेरिकेबाहेर नेलं, किंवा बाहेर नेऊन परत आणलं नाही, तर तीन वर्षांपर्यंत कैद. सुट्टीला म्हणून आले आणि राहिले, हेही यात येतं. "पण अजून घटस्फोटाची केससुद्धा नाही, ताब्याचा काही हुकूमच नाही, मग कसला गुन्हा?" हा काकूंचा पुढचा प्रश्न. तो सगळेच विचारतात. हुकूम लागत नाही, काकू. बाप म्हणून कायद्याने जो हक्क आपोआप मिळतो तोच इथे पुरतो.

आता जे मला खरंच सांगायचंय ते. या कायद्यात बचाव लिहून ठेवले आहेत, आणि ते फक्त तीन आहेत. कोर्टाने दिलेल्या वैध ताब्याच्या किंवा भेटीच्या हुकमाप्रमाणेच वागले, हा एक. हुकमाप्रमाणे मूल जवळ होतं, पण आपल्या हाताबाहेरच्या कारणाने वेळेत परत करता आलं नाही, चोवीस तासांत दुसऱ्या पालकाला कळवलं किंवा कळवायचा प्रयत्न केला आणि शक्य तितक्या लवकर मूल परत केलं, हा दुसरा. आणि तिसरा, ज्यासाठी मी ही पोस्ट लिहिते आहे: घरातल्या हिंसाचारापासून पळून जात होते. एकदाचा प्रसंग असो की वर्षानुवर्षांचा, दोन्ही चालतात. म्हणजे मार खाणारी आई मूल घेऊन पळू शकते, हे अमेरिकेच्या संसदेला माहीत होतं. तिच्यासाठी त्यांनी दार ठेवलं आहे.

पण त्या दाराला किल्ली लागते आणि ती आरोपीने आणायची असते. नेलं आणि हेतूने नेलं, हे सरकारी वकिलाने निःसंशय सिद्ध करायचं. मारत होता म्हणून नेलं, हे मात्र आईने दाखवायचं. कशाच्या जोरावर?

माझ्या मावसबहिणीला नऊ वर्षांपूर्वी "ये निघून" असं सांगणारी मी होते. कोर्टाच्या कामाला लागून मला तेव्हा दोन वर्षं झाली होती, तरी मी तेच म्हटलं जे कुठलीही बहीण म्हणेल. ती चार वर्षांच्या मुलीला घेऊन मुंबईला उतरली तेव्हा दंडावर बोटांचे वळ होते. ते मावशीने पाहिले, रडली, हळद लावली. फोटो काढावा, डॉक्टरकडे नेऊन नोंद करावी, हे कोणालाच सुचलं नाही. तिने ९११ ला कधी फोन केला नव्हता, कारण पोलीस आले तर त्याची नोकरी आणि नोकरीवरचा सगळ्यांचा व्हिसा जाईल ही भीती. मला पाठवलेले दोन फोटो तिने स्वतःच्या फोनमधून पुसले होते, तो फोन तपासतो म्हणून. आणि मी, नको त्या आठवणी कशाला म्हणून, माझ्याकडचे पुसले. इकडे त्याने महिन्याभरात कोर्टातून ताबा मिळवला. ती हजर नव्हती, कोर्टाने एकच बाजू ऐकली. मग वॉरंट निघालं. इथल्या वकीलबाईंनी व्हिडिओ कॉलवर तिला शांतपणे विचारलं, "काय आहे तुमच्याकडे?" आणि माझी बहीण कॅमेऱ्याकडे नुसती बघत राहिली.

तिचं म्हणणं खरं होतं. तिसरा बचाव जणू तिच्यासाठीच लिहिला होता. पण तो उभा करायला एक कागद नव्हता, आणि तो जिथे तयार झाला असता तिथून मीच तिला घाईने उठवून आणलं होतं.

वॉरंट जुनं होऊन मरत नाही. आरोपी न्याय टाळण्यासाठी फरार आहे तोवर खटल्याच्या मुदतीचं घड्याळच चालत नाही. मुलीचा अमेरिकन पासपोर्ट संपला, आणि सोळा वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती लागते. ती मुलगी आज तेरा वर्षांची आहे. मागच्या वर्षी तिने आईला विचारलं, "तू चोर आहेस का?" शाळेत कोणीतरी काहीतरी बोललं होतं.

"पण भारतातलं कोर्ट तर मूल परत पाठवत नाही म्हणतात!" हेही ऐकते. एका पालकाने परदेशी नेलेलं मूल परत पाठवण्याबद्दलच्या १९८० च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही, हे खरं. २०१७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी कोर्टाचा हुकूम ही विचारात घ्यायची एक बाब आहे, निर्णायक मात्र मुलाचं हित. पण त्यावर विसंबून तिकीट काढू नका. काही प्रकरणांत मुलाचं हित परत जाण्यातच आहे असं आपल्याच कोर्टांनी ठरवून मुलं परत पाठवली आहेत. आणि भारतातलं कोर्ट काहीही म्हणो, अमेरिकेतला फौजदारी आरोप तसाच उभा राहतो.

हेही लिहायलाच हवं की हा कायदा बापांनाही लागतो आणि आयाही खोटं बोलतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधून तीन मुलांना इजिप्तला नेलेल्या एका बापाला चोवीस महिन्यांची शिक्षा झाली. १९९७ मध्ये अपील कोर्टाने ती कायम केली, आणि कायद्यात लिहिलेल्या तीन बचावांपलीकडे चौथा चालणार नाही असंही सांगितलं. ज्याचं मूल एका सकाळी घरात नसतं त्या बापाची तडफड मी जवळून पाहिली आहे. म्हणून बचाव तपासला जातो याबद्दल माझी तक्रार नाही. तो तपासलाच पाहिजे. माझी तक्रार आपल्या माणसांबद्दल आहे. प्रेमापोटी आपण पोरीला अशा जागी नेऊन ठेवतो जिथे तिचं खरंही खोट्यासारखं दिसतं.

मग काय करायचं? जीव धोक्यात असेल तर घर सोडायचं, आत्ता, मुलाला घेऊन. पण घर सोडणं आणि देश सोडणं यात फरक आहे. ९११ ला फोन करा, त्याची नोंद राहते. दवाखान्यात जा आणि कोणी मारलं ते स्पष्ट सांगा. न्यू जर्सीत कोर्टाकडून तात्पुरता संरक्षणाचा हुकूम मागता येतो, साधारण दहा दिवसांत सुनावणी लागते, आणि त्यातच मुलाचा तात्पुरता ताबाही मागता येतो. १९८५ पासून इथे ‘मानवी’ ही संस्था आपल्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या बायकांसाठी काम करते, तिथे बोला. वळांचे फोटो काढा, ते त्याच्या हाती लागणार नाहीत अशा माणसाकडे ठेवा, आणि ज्या माणसाकडे ठेवाल त्याने ते पुसू नयेत. मूल घेऊन भारतात कायमचं जायचं असेल तर बापाची संमती लागते, किंवा कोर्टाची परवानगी. वेळ लागतो. कधीकधी कोर्ट नाही म्हणतं. हे गोड करून सांगता येत नाही.

आणि आरोप झालाच असेल, एफबीआयचा माणूस दारात असेल, तर "मी वकिलाशिवाय बोलणार नाही" एवढंच वाक्य. आपल्या बायका समजावून सांगायला बसतात, चहा ठेवतात. घाबरून एखादं वाक्य चुकीचं निघतं आणि पुढे तेच वापरलं जातं. वकिलाचे पैसे नसतील तर फेडरल कोर्टात सरकारी खर्चाने वकील मिळतो, तो हक्क आहे. दुभाषीही मिळतो. मोडक्या इंग्रजीत अब्रूची गोष्ट सांगू नका, मराठी मागा. "मारायचा" आणि "मारलं" यातला फरक इंग्रजीत नीट पोचला नाही तर वर्षानुवर्षांचा छळ एका दिवसाचं भांडण होऊन बसतो.

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी आई असून तिला घरी बोलवायचं नाही? मग मी करू तरी काय?"

मी विचारलं, तुमचा व्हिसा आहे ना अजून? होता, २०२८ पर्यंतचा. मुलीच्या बाळंतपणाला आल्या होत्या तेव्हाचा.

मुलीने मंगळवारी कोर्टात अर्ज दिला. ती आणि नातू सध्या तिच्या मैत्रिणीकडे आहेत. काकूंचं विमान येत्या गुरुवारी सकाळी नेवार्कला उतरतंय, आणायला मी जाणार आहे.