‘लडाख करायचं तर हजार सीसीच्या वरचीच गाडी घ्या’: एका सल्ल्याचा प्रतिवाद

मोठी ॲडव्हेंचर मोटरसायकल, म्हणजे खराब रस्त्यांवरच्या लांब प्रवासासाठीची गाडी, घ्यायला निघालेल्या माणसाला हल्ली एक तयार सल्ला मिळतो. थोडक्यात तो असा: लडाख-स्पिती करायचं तर हजार सीसीच्या वरचीच गाडी घ्या. उंचीवर लहान इंजिनाला धाप लागते. जड गाडी रस्ता धरून चालते. मोठ्या टाकीमुळे पेट्रोलची काळजी मिटते. चूक झाली तर इलेक्ट्रॉनिक्स सावरून घेतं. पाय टेकत नसतील तर गाडीची मागची बाजू खाली आणणारी लोअरिंग लिंक बसवता येते. आणि वाळवंटातल्या डाकार रॅलीत अशाच गाड्या धावतात.

यात धडधडीत खोटं थोडं आणि अर्धवट खरं पुष्कळ आहे. त्याच्या भरवशावर लोक वीस-पंचवीस लाख घालतात, म्हणून एकेक मुद्दा तपासलेला बरा.

‘उंचीवर लहान इंजिनाला धाप लागते’

धाप प्रत्येक इंजिनाला लागते. लेहजवळची खारदुंग ला ही खिंड सुमारे ५,३५० मीटरवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने साधारण ४० टक्क्यांनी कमी होते, आणि टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच घटते. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं प्रमाण हवेप्रमाणे जुळवून घेतं, त्यामुळे इंजिन कार्ब्युरेटरसारखं गुदमरत नाही. पण नसलेली हवा तेही आणू शकत नाही. बीएमडब्ल्यू आर १२५० जीएसचे १३६ हॉर्सपॉवर तिथे ऐंशीच्या आत येतात, रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५०चे ४० सुमारे तेवीसवर.

आता लागतात किती ते पाहू. गाडी, माणूस आणि सामान मिळून ३२० किलो धरा. आठ टक्क्यांचा चढ, वर खडी, वेग ताशी ३० किलोमीटर. चढ आणि चाकांचा अडथळा मिळून ३ किलोवॉटच्या आसपास, म्हणजे चार हॉर्सपॉवर. चेन-गिअरमधली घट धरली तरी पाच. मागे माणूस बसवून वजन ४२० किलो केलं आणि चढ दहा टक्क्यांचा धरला, तरी सातच्या आसपास. तेवीसमधून सात वजा केले तरी बरंच उरतं. हीरो एक्सपल्स २००सारखी १९ हॉर्सपॉवरची गाडी तिथे अकरापर्यंत खाली येते. एकट्याला ती पुरते. दोघं आणि सामानाच्या तीन पेट्या घेऊन मात्र तिच्यावर खरोखर ताण येतो. या मुद्द्यात सल्ला खरा आहे, पण तो दोनशे सीसीबद्दल.

लहान इंजिन उंचीवर बंद पडतं किंवा क्लच जळल्याचा वास येतो, त्याचं कारण वेगळं असतं. विरळ हवेत कमी आरपीएमला टॉर्क अगदीच तुटपुंजा उरतो. स्वार सवयीने दुसऱ्या गिअरमध्ये राहतो आणि कमी पडलेला जोर हाफ क्लचने, म्हणजे क्लच अर्धवट दाबून ठेवून, भरून काढतो. दहा मिनिटांत क्लचप्लेटा तापतात. तिथे पहिला गिअर टाकून इंजिन चार हजारांच्या वर फिरतं ठेवायचं आणि क्लच पूर्ण सोडायचा. तरीही पहिला गिअर लांब वाटत असेल, तर पुढच्या स्प्रॉकेटचा (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा) एक दात कमी करून घ्यावा. चौदा-पंधरा दातांच्या स्प्रॉकेटमध्ये त्याने गिअरिंग सुमारे सात टक्के आखूड होतं, म्हणजे कमी वेगाला जोर वाढतो. खर्च हजारांत, लाखांत नाही.

‘जड गाडी स्थिर असते’

सर्वांत जास्त नुकसान करणारं वाक्य हेच. महामार्गावर ताशी शंभरने आडवा वारा आला तर अडीचशे किलोची गाडी कमी हलते, हे खरं. पण ॲडव्हेंचर गाडी लोक ज्या कामासाठी घेतात, म्हणजे खडी, वाळू, नाले आणि अरुंद रस्त्यावर मागे वळणं, तिथे वेग चालण्याइतका असतो. त्या वेगाला फिरत्या चाकांची मदत जवळपास संपलेली असते, आणि तोल तुमच्या पायांवर आणि कमरेवर येतो.

ढोबळ हिशेब असा. २५० किलोची गाडी, ३० किलो सामान, गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर, हँडल ११० सेंटिमीटरवर. गाडी १० अंश कलली तर ती धरून ठेवायला हँडलवर सुमारे २७ किलोचा जोर लागतो. ३० अंश कलली की तोच जोर ७६ किलो होतो. सामानासह २२० किलोच्या, थोड्या बुटक्या गाडीला हेच आकडे १९ आणि ५५ येतात. दहा अंशांना दोन्ही गाड्या धरता येतात. पंचवीस-तीस अंशांना एक धरता येते आणि दुसरी सोडून बाजूला व्हावं लागतं. बाजूला न झाल्यास पाय पेटीखाली अडकतो आणि घोटा जातो.

मग उचलण्याचा प्रश्न. पाच हजार मीटरवर श्वासातून मिळणारा प्राणवायू जवळपास निम्मा असतो, तेव्हा पद्धत चुकवून चालत नाही. आधी किल स्विचने इंजिन बंद करा आणि टाकीतून पेट्रोल गळतंय का ते पाहा. पेट्या काढून ठेवा. हा टप्पा घाईत सगळे गाळतात. गाडी उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड उघडा, नाहीतर उभी केल्यावर ती डावीकडे जाईल. पहिला गिअर टाका म्हणजे ती घरंगळणार नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा. सीटच्या कडेला पाठ लावून खाली बसा, एका हाताने खालची मूठ आणि दुसऱ्याने मागचं ग्रॅब रेल पकडा, पाठ सरळ ठेवून पायांच्या जोरावर छोट्या पावलांनी मागे सरका. उतारावर पडली असेल आणि चाकं वरच्या बाजूला असतील, तर आधी गाडी फरपटत फिरवून चाकं उताराकडे आणा. उभी झाल्यावर लगेच स्टार्टर दाबू नका. लिव्हर आणि गिअरचा पाय वाकलाय का ते पाहा आणि तेल खाली बसायला काही मिनिटं द्या.

बॉक्सर इंजिनाच्या जीएसबद्दल एक गोष्ट मान्य केली पाहिजे. दोन्ही बाजूंना सिलिंडर असल्यामुळे ती सपाट आडवी होत नाही आणि उचलताना पहिले काही अंश फुकट मिळतात. गुरुत्वमध्यही खाली आहे. म्हणून २३७ किलोची आर १३०० जीएस वजनाच्या आकड्यावरून वाटते त्यापेक्षा हलकी हाताळते. सगळ्याच मोठ्या गाड्यांबद्दल असं म्हणता येत नाही.

विकत घेण्याआधीची कसोटी यातूनच निघते: तीच गाडी, सामानाशिवाय, गवतावर आडवी करून सलग तीनदा एकट्याने उचलता आली पाहिजे. शोरूम हे करू देणार नाही. त्या मॉडेलच्या मालकाला गाठा किंवा अशा प्रशिक्षणाचा एक दिवस विकत घ्या. पुण्या-मुंबईत जे जमत नाही ते मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचूला, उंचीवर, जमणार नाही.

‘मोठी टाकी, काळजी नाही’

मनाली-लेह रस्त्यावर तांडीच्या पंपावरचा ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ हा फलक प्रसिद्ध आहे. त्या अंतराला हिशेब लावा. आर १२५० जीएसची टाकी २० लिटर, सामानासह डोंगरात मायलेज १८ ते २०: म्हणजे ३६० ते ४००. हिमालयन ४५०ची टाकी १७ लिटर, मायलेज २७च्या आसपास: साडेचारशेच्या वर. लहान टाकीची गाडी पुढे जाते. जीएस ॲडव्हेंचरची टाकी ३० लिटरची आहे, तिला अंतराची चिंता खरोखर नाही. पण तीस लिटर पेट्रोल म्हणजे २२ किलो, तेही सर्वांत वर, आणि गाडी २६८ किलो. लिटर मोजू नका. लिटर गुणिले तुमच्या हाताचं मायलेज हा आकडा काढा.

‘इलेक्ट्रॉनिक्स सावरून घेतं’

ताम्हिणीत पावसाळ्यात शेवाळलेल्या वळणावर ब्रेक दाबला गेला, तर गाडी कललेली असतानाही चाक लॉक होऊ न देणारं कॉर्नरिंग एबीएस जीव वाचवू शकतं. या सोयीसाठी पैसे मोजावेत, त्यात हात आखडता घेऊ नये. पण त्यासाठी हजार सीसी लागत नाहीत; केटीएम ३९० ॲडव्हेंचरमध्येही ती मिळते.

जिथे मोठ्या गाड्या बहुधा पडतात, तिथे मात्र कुठलाही सेन्सर कामाचा नाही. पार्किंगमध्ये, यू-टर्न घेताना, थांबताना पाय खड्ड्यात गेला तेव्हा गाडी पडते, मागचं चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल चालू असलं तरी. सैल खडीच्या उतारावर मागच्या चाकाचं एबीएस बंद करावं लागतं, कारण ते चाक लॉकच होऊ देत नाही आणि गाडी घसरत पुढे जात राहते. बऱ्याच गाड्यांत किल्ली फिरवली की ही सेटिंग मूळ जागी परत जाते. चहाला थांबून निघालात तर स्क्रीनकडे एकदा पाहा. पुढचं एबीएस चालूच ठेवा.

‘पाय टेकत नसतील तर लोअरिंग लिंक बसवा’

लिंक बसवली की मागची बाजू तीसेक मिलिमीटर खाली येते, पुढची तिथेच राहते. परिणाम तीन. हँडल जड होतं आणि गाडी वळणात उशिरा शिरते. पुढचे फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) क्लॅम्पमधून तेवढेच वर सरकवले नाहीत तर हा दोष जात नाही. ग्राउंड क्लिअरन्स घटतो, म्हणजे ज्यासाठी गाडी घेतली तेच कमी केलं. आणि साइड स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि थोड्या उतारावर उजवीकडे कोसळते. स्टँड कापून घ्यावा लागतो, हे लिंक विकणारा क्वचितच सांगतो.

काही जण त्याऐवजी मागचं प्रीलोड (स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण) सैल करतात. ते त्याहून वाईट, कारण सस्पेन्शन आधीच अर्धं दबलेलं राहतं आणि खड्ड्यात तळ गाठतं. सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते, मोजायला दोन माणसं आणि एक टेप पुरते. मागचं चाक हवेत असताना ॲक्सलपासून वर शेपटाच्या एका ठरलेल्या बिंदूपर्यंत अंतर घ्या. मग जॅकेट-बूट घालून, सामान लावून बसा आणि तेच अंतर पुन्हा घ्या. फरक एकूण ट्रॅव्हलच्या (सस्पेन्शन जास्तीत जास्त जितकं दबू शकतं त्याच्या) तीस टक्क्यांच्या आसपास हवा: २०० मिलिमीटरच्या सस्पेन्शनला ६० ते ६५. ऐंशीच्या वर गेला तर प्रीलोड वाढवा. प्रीलोड संपूर्ण वाढवूनही फरक उतरत नसेल, तर स्प्रिंग तुमच्या वजनासाठी मऊ आहे, ती बदला.

उंची कमी असलेल्यांनी आधी कंपनीची लो सीट बसवून पाहावी. दोन्ही टाचा टेकण्याचा हट्ट नको. दोन्ही पावलांचे पुढचे भाग टेकले, किंवा कंबर सरकवून एक पाऊल पूर्ण टेकलं, तरी पुरतं. सीट किती उंच याइतकंच ती पुढे किती अरुंद यालाही महत्त्व आहे. ८५० मिलिमीटरची अरुंद सीट ८२५च्या रुंद सीटपेक्षा सोपी जाऊ शकते. म्हणून ब्रोशरवर ठरवू नका, राइडिंग बूट घालून बसून पाहा.

‘डाकारमध्ये अशाच गाड्या धावतात’

नाही. डाकारमध्ये २०११पासून दुचाकींना ४५० सीसीची मर्यादा आहे. १९८१ साली ह्युबर्ट ओरिओलने बीएमडब्ल्यूवर ही रॅली जिंकली, तेव्हापासून जीएसचं नाव तिच्याशी जोडलं गेलं. पण १९८०ची मूळ आर ८० जी/एस ७९८ सीसीची होती आणि टाकी भरून १८६ किलो. आजची हिमालयन ४५० तिच्याहून दहा किलो जड आहे.

मग मोठी गाडी कुणासाठी?

दोघांनी, भरपूर सामान घेऊन, दिवसाला सहा-सातशे किलोमीटर डांबरी रस्ता कापणाऱ्यांसाठी. क्रूझ कंट्रोल, वारा अडवणारी काच, चेन साफ करण्याची कटकट संपवणारा शाफ्ट आणि ओव्हरटेकला हाताशी असलेली ताकद: असा प्रवास वर्षातून चार वेळा होत असेल तर पैसे वसूल आहेत. फक्त आपले रस्ते डोळ्यांसमोर ठेवा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू या तिन्हींवर दुचाकीला बंदी आहे, सीसी कितीही असो. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर दुचाकीची कमाल मर्यादा २०१८च्या अधिसूचनेने ताशी ८० ठरवली. कराचा फायदाही मधल्या गाड्यांना नाही: सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीच्या वरच्या सगळ्या दुचाकींवर ४० टक्के जीएसटी आहे, ४५०वर आणि १३००वर सारखाच. टायरचं पाहा: १७०/६०-१७ मापाचा मागचा टायर तालुक्याच्या दुकानात मिळत नाही, लांबच्या प्रवासाआधी तो मागवून ठेवावा लागतो.

दोघांच्या प्रवासासाठी गाडी ठरवताना सीसीच्या आधी एकूण मान्य वजनाचा आकडा विचारा. आर १३०० जीएससाठी तो ४६५ किलो आहे. त्यातून गाडीचे २३७ वजा केले की २२८ उरतात. पंचाहत्तर-पंचाहत्तर किलोची दोन माणसं, प्रत्येकी दहा किलोची हेल्मेट-जॅकेट-बूट, म्हणजे १७० संपले. तीन रिकाम्या ॲल्युमिनियम पेट्या, त्यांचं रॅक आणि क्रॅश गार्ड मिळून २५ ते ३० किलो. कपडे, अवजारं आणि पाण्याला उरले तीसच्या आसपास. शिवाय प्रत्येक पेटीची मर्यादा वेगळी असते, बहुधा झाकणाच्या आत छापलेली, पाच ते दहा किलो. शोरूममध्ये झाकण उघडून ती वाचा, आणि जड वस्तू वरच्या पेटीत न घालता दोन्ही बाजूंना, शक्य तितक्या खाली आणि पुढे बांधा.