हिवाळा, मुलतानी माती आणि दर वर्षी फिरणारा एक संदेश

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच असतो : थंडीत चेहरा कोरडा पडतो, म्हणून मुलतानी माती, बेसन, हळद आणि लिंबाचा रस दुधात कालवून रोज वीस मिनिटे लावावा, त्वचेला आतून पोषण मिळते, रंग उजळतो, सगळे नैसर्गिक असल्याने अपाय होत नाही आणि बाजारातल्या ‘केमिकल’च्या क्रीमची गरज उरत नाही. घरगुती लेपांशी माझे वैर नाही. आक्षेप आहे तो हाच लेप कोरड्या त्वचेवरचा उपाय म्हणून सांगितला जातो याला.

मुलतानी मातीचा मुख्य गुण तेल शोषून घेण्याचा आहे. लोकरीतला मेणचटपणा काढण्यासाठी कारागीर अशाच जातीची माती शतकानुशतके वापरत आले, ते याच गुणामुळे. ऑक्टोबरच्या उकाड्यात तेलकट कपाळाला ती मानवते. पण निफाडकडच्या किंवा विदर्भातल्या कोरड्या थंडीत गालावर जे थोडेसे तेल उरलेले असते, तेच ती टिपून घेते. त्वचेचा सर्वांत वरचा थर वहीच्या कागदाहून कितीतरी पातळ असतो आणि त्यातले पाणी धरून ठेवण्याचे काम पेशींच्या मधले स्निग्ध पदार्थ करतात. ते कमी झाले की पाणी हवेत उडून जाते, आणि हवा कोरडी असेल तर अधिक वेगाने.

हा लेप मी स्वतः एका डिसेंबरात आठवडाभर लावून पाहिला. वाळताना त्याच्या कडा आधी फिक्या पडतात, नाकपुड्यांच्या बाजूला बारीक भेगा जातात आणि जरा हसले तरी गाल ओढला जातो. चेहरा धुऊन पुसला की थोड्याच वेळात ओठांच्या कोपऱ्यांशी पांढरा कोंडा दिसू लागतो. संदेशात या ओढल्या जाण्यालाच ‘त्वचा घट्ट होणे’ म्हटले आहे. प्रत्यक्षात उन्हाळ्यात तळ्याचा गाळ आकसतो तशी माती आकसते, आणि ती धुतली की तो घट्टपणाही पाण्याबरोबर जातो.

‘आपल्या आज्या हेच करत’ हा पुढचा दावा अर्धाच खरा आहे. दिवाळीच्या अभ्यंगात आधी अंगभर कोमट तेल जिरवतात आणि मगच आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी यांचे उटणे चोळून लगेच ऊन पाण्याने स्नान करतात. त्यात उटण्याचे काम वरचे जास्तीचे तेल आणि मळ काढण्याचे असते. ते अंगावर वाळवत कोणी बसत नाही. संदेश लिहिणाऱ्याने त्या परंपरेतली पूड तेवढी उचलली आणि तेल गाळले.

लिंबाचा मुद्दा अधिक गंभीर आहे. निरोगी त्वचेचा सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) साधारण ४.५ ते ५.५ असतो, तर लिंबाच्या रसाचा २ ते २.५. सामूच्या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक असल्याने हा फरक शेकडो पटींचा होतो, आणि आधीच भेगाळलेल्या गालावर तो झोंबतो. शिवाय लिंबाच्या रसात, विशेषतः सालीच्या तेलात, अशी द्रव्ये असतात की ती त्वचेवर राहून ऊन लागले तर एक-दोन दिवसांत लाली किंवा फोड येऊ शकतात आणि मागे राहिलेला काळपट डाग महिनोन्‌महिने जात नाही. रंग उजळण्याच्या आशेने लावलेल्या लिंबाने डाग पडावा, हा व्यवहार कोणाला परवडणार?

दुधातून ‘आतून पोषण’ मिळत नाही. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक) मोठे रेणू निरोगी त्वचेतून सहसा आत शिरत नाहीत, आणि दुधातल्या केसीन या प्रथिनाचे रेणू २०,००० डाल्टनच्या आसपास असतात. सायीचा उपयोग मात्र होतो, कारण तिची स्निग्धता वरच राहून पाण्याला अडवते. मधही ओलावा धरतो, पण वीस मिनिटांनी धुतल्यावर उरतो किती?

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे तर मराठी माणसाने मान्य करूच नये. बिब्ब्याच्या तेलाने कातडीवर फोड येतात आणि खाजकुयलीची कुसे अंगाला लागली की काय होते, हे खेड्यातले पोरही सांगेल; दोन्ही वनस्पती शंभर टक्के नैसर्गिक आहेत.

राहिली ती क्रीमची गोष्ट. कोमट पाण्याने तोंड धुऊन, हलके टिपून, त्वचा दमट असतानाच स्निग्ध थर देणे हा हिवाळ्यातला खरा उपाय आहे, मग तो साध्या पेट्रोलियम जेलीचा असो वा खोबरेल तेलाचा. फक्त मुरुमे येणाऱ्यांनी खोबरेल चेहऱ्यावर जपून वापरावे. कोकणात आणि गोव्यात कोकमाच्या बियांचे तेल भेगाळलेल्या टाचांना आणि ओठांना पूर्वापार लावतात. थंडीत त्याचा गोळा खडूसारखा कडक असतो, म्हणून तो जरा गरम करून किंवा तळहातावर घासून घ्यावा लागतो. तेच तेल ‘कोकम बटर’ या नावाने आज अनेक क्रीमच्या डब्यांवर, घटकांच्या यादीत, बारीक अक्षरांत छापलेले सापडते.