खोक्यावरचा 'स्टुडिओ'

दोन-तीन हजारांत व्हॉइसओव्हरसाठी माइक शोधायला जा, दर दुसऱ्या खोक्यावर 'प्रोफेशनल स्टुडिओ कंडेन्सर' छापलेलंच! अहो, कंडेन्सर म्हणजे बारीक आवाजही टिपणारा माइक; त्यातल्या बऱ्याच माइकांना ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे वायरीतूनच माइकला पोचणारी वीज लागते, हे ठळक का लिहीत नाही? सोबत नुसती ३.५ एमएमची वायर टाकून मोकळे होतात. लॅपटॉपला जोडली की तेवढी वीज मिळतच नाही, मग आवाज विहिरीतून आल्यासारखा, वर खरखर. मग इंटरफेस, म्हणजे माइकला ती वीज देऊन लॅपटॉपशी जोडणारा डबा घ्या, तो माइकपेक्षा महाग! आणि रिव्ह्यूवाले? फोम लावलेल्या खोलीत बसून 'हॅलो, चेक' म्हणतात. अरे, एकदा पंखा चालू ठेवून, खिडकीखाली रिक्षा घरघरत असताना 'फणस', 'भाकरी', 'फाटका' म्हणून दाखवा ना! तोंडातून सुटलेल्या हवेचा धप्पकन आवाज येतो का, तेच तर ऐकायचंय. ते कुणीच ऐकवत नाही.