सॉकच्या भरवशावर स्पिनेकर चढवू नका

शिडाच्या होडीतून लांबच्या सफरी करू पाहणाऱ्यांमध्ये एक सल्ला हल्ली सतत फिरतोय. त्याचा आशय असा: असिमेट्रिकल स्पिनेकर, म्हणजे मागच्या वाऱ्यात पुढे लावायचं मोठं, फुगीर, दोन्ही कडा सारख्या नसलेलं शीड घ्या. त्याला पोल, म्हणजे शिडाचं टोक बाहेर धरणारी काठी, लागत नाही, त्यामुळे होडीवर दोघंच असलात तरी जमतं. वारा थेट पाठीमागून असला तरी हेच शीड लावा. घेताना सगळ्यात मोठं घ्या. खालचं टोक, म्हणजे टॅक, नांगराच्या रोलरला बांधा. आणि सॉक, म्हणजे शिडावर वरून खाली ओढायची, तोंडाशी कडं असलेली कापडी नळी, असला की वारा कितीही वाढो, एकटा माणूस दोरी ओढून शीड बंद करू शकतो.

पोलची झंझट नाही आणि दोघांत जमतं, एवढं खरं. बाकीचं खोडून काढायला बसलोय, कारण हे शीड मला फार आवडतं. असा सल्ला ऐकून ते घेतलेली माणसं एका वाईट दुपारनंतर ते पिशवीत कोंबतात आणि पुन्हा कधी बाहेर काढत नाहीत.

आधी वाऱ्याची दिशा. सिमेट्रिकल स्पिनेकरचा पोल शिडाचं एक टोक वाऱ्याच्या बाजूला बाहेर काढून धरतो. असिमेट्रिकलचं टॅक होडीच्या मध्यरेषेवर, नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, असतं. वारा अगदी पाठीमागून आला की हे शीड मेनसेलच्या, म्हणजे डोलकाठीमागच्या मुख्य शिडाच्या, आडोशाला जातं. ते पडतं, धाडकन भरतं, पुन्हा पडतं, आणि लाट मोठी असेल तर फोरस्टेला, म्हणजे डोलकाठीपासून नाळेपर्यंत ताणलेल्या तारेला, गुंडाळून बसतं. टॅकलाइन, म्हणजे टॅकची दोरी, थोडी सैल सोडली तर शीड वाऱ्याच्या बाजूला फिरतं आणि अजून खोल, म्हणजे वारा जास्त पाठीमागून घेऊन, जाता येतं, पण मेनसेल उभं असताना नाळेपासून मोजून १५० अंश ही कामाची मर्यादा धरावी.

मुक्काम थेट वाऱ्याखाली, म्हणजे वारा वाहतो त्याच दिशेला, असेल तर तिरकं जाऊन जाइब करत, म्हणजे वारा मागून घेत शिडं एका बाजूहून दुसऱ्या बाजूला नेत, पोहोचायचं. दर वेळी ३० अंश तिरकं गेलं की अंतर सुमारे १५ टक्के वाढतं. म्हणजे सरळ ५ नॉटने (तासाला ५ सागरी मैल) जाणारी होडी तिरकी पावणेसहाने पळाली तरच हिशेब जुळतो. हलक्या वाऱ्यात ती सहज पळते. जोराच्या वाऱ्यात होडी आधीच आपल्या कमाल वेगाजवळ असते, तेव्हा पोलवर बाहेर काढलेला जेनोआ, म्हणजे पुढचं मोठं तिकोनी शीड, हाच बरा.

आपल्या किनाऱ्यावर मात्र हे शीड अगदी चपखल बसतं. मुंबईहून गोव्याला जाताना दिशा साधारण १६५ अंश आणि अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास. हिवाळ्यात दुपारचे खारे वारे वायव्येकडून येतात, म्हणजे होडीच्या नाळेपासून मोजलं तर बरोबर १५० अंशांवरून. पहाटे मतलई वारा बाजूने येतो. तो सहसा हलकाच असतो, आणि तेव्हा टॅकलाइन ताणून हेच शीड वापरता येतं.

आता सॉक, कारण माणसं दुखावतात ती इथे. खरा वारा १५ नॉट आहे आणि होडी ६ नॉटने वाऱ्याबरोबर पळते आहे, तर डेकवर जाणवतात ९. सगळं शांत, ऊबदार वाटतं. त्याच वेळी होडी बाजूला वळली तर डेकवरचा वारा १६ होतो. जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे शिडावरचा भार तिपटीहून जास्त. भरलेल्या शिडावरून सॉकचं कडं खाली ओढणं तेव्हा कोणाच्याच हातचं नसतं. मुरुडच्या पुढे एका दुपारी मी ते करून पाहिलं. तळहात सोलले, कडं एक वीतही हललं नाही. सुकाण्यावरच्या सोबत्याने होडी खाली वळवली, स्पिनेकर मेनसेलच्या आड गेला, शीट, म्हणजे शिडाचं मागचं टोक धरून ठेवणारी दोरी, सोडली, आणि तेच कडं एका हाताने उतरलं.

सॉक शीड पाडत नाही, पडलेलं शीड गोळा करतो. क्रम असा: आधी होडी वाऱ्याखाली वळवा, मग शीट मोकळी सोडा, शीड फडफडू लागलं की सॉक ओढा. तरीही ऐकलं नाही तर टॅकलाइन सोडून द्या. म्हणूनच शीट आणि टॅकलाइन यांच्या टोकाला मी गाठ मारत नाही. आणि म्हणूनच मेनसेल उतरवून फक्त स्पिनेकरवर जाण्याचा सल्ला मला नव्या माणसाला द्यावासा वाटत नाही. त्याने खोल जाता येतं हे खरं, पण आडोसाच जातो.

नांगराचा रोलर साखळीचा भार खालच्या दिशेने झेलायला बनवलेला असतो. स्पिनेकर वर आणि बाजूला ओढतो. त्याखाली पक्का आधार नसेल तर पत्रा वाकतो. पुलपिटला, म्हणजे नाळेवरच्या कठड्याला, तर टॅक बांधूच नये. छोटा बोस्प्रिट, म्हणजे नाळेपुढे निघालेला दांडा, असेल तर उत्तम, कारण शीड फोरस्टेपासून दूर राहतं. टॅकलाइन कॉकपिटपर्यंत आणा. हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचं दोर, डोलकाठीतून फोरस्टेच्या वरून निघणारं हवं, जेनोआचं जादा हॅलयार्ड चालत नाही, ते फर्लरवर, म्हणजे जेनोआ गुंडाळणाऱ्या यंत्रणेवर, घासतं. दोन्ही शीट सगळ्याच्या बाहेरून मागच्या ब्लॉकपर्यंत, प्रत्येकी होडीच्या लांबीच्या दुप्पट.

‘सगळ्यात मोठं’ या सल्ल्याला फार वेळ देत नाही. आकारापेक्षा कट, म्हणजे शिडाची बेतणी, महत्त्वाचा. ए२ नावाचा कट रुंद खांद्यांचा, खोल जाण्यासाठी. ए३ सपाट, बाजूच्या वाऱ्यासाठी. दोघांच्या होडीला ए३सारखा थोडा लहान, मवाळ कट जास्त दिवस उपयोगी पडतो. कापड मध्यम होडीला पाऊण औंसाचं नायलॉन, मोठ्या होडीला दीड औंसाचं.

दोघांची जाइबही सॉकमुळे सोपी होते. शीड बंद करायचं, मेनसेल पलीकडे न्यायचं, शीट बदलायची, पुन्हा उघडायचं. मिनिटं जास्त जातात, पण काही फाटत नाही. माझा स्पिनेकर १५ नॉट खऱ्या वाऱ्याला उतरतो, आणि जाळ्यांचे बोये दिसेनासे होण्याआधी, म्हणजे सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी, तो पिशवीत असतो.