शेळी होतीच, चारा नव्हता

निर्वासित कुटुंबांना शेळ्या किंवा कोंबड्या वाटल्याचे फोटो पाहिले की हल्ली माझी नजर जनावराकडे न जाता गव्हाणीकडे जाते. तिच्यात काय पडणार आणि ते रोज कोण, कुठून आणणार, याचा हिशेब नसेल तर त्या घरात फक्त खाणारे एक तोंड वाढते.

हे मत पक्के झाले ते अल्जेरियातील तिंदूफजवळच्या सहरावी निर्वासितांच्या छावण्यांमुळे. १९७५ पासून पश्चिम सहारातून परागंदा झालेल्या या समाजात उंट-शेळ्या राखणाऱ्या भटक्या पशुपालकांची परंपरा आहे, म्हणजे शेळी कशी पाळावी हे त्यांना शिकवायला कोणी जाण्याची गरजच नव्हती. उन्हाळ्यात पारा ५० अंशांच्या आसपास जाणाऱ्या त्या ओसाड पठारावरही छावणीच्या कडेला पत्रे, जाळ्या आणि भंगार जोडून उभारलेले शेळ्यांचे वाडे आहेत. कमतरता होती ती चाऱ्याची. शेळ्या उष्टे-खरकटे, पुठ्ठे आणि प्रसंगी प्लास्टिकही खात. अशा जनावराला दूध कुठून येणार? आणि या छावण्यांतील बायका-मुलांमध्ये रक्तक्षयाचे प्रमाण मोठे आहे.

यावर तालेब ब्राहिम या सहरावी कृषितज्ज्ञाने मातीविना जवाचा हिरवा चारा उगवण्याचा मार्ग धरला आणि २०१७च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने त्याला बळ दिले. जव भिजवायचे, ट्रेमध्ये पसरायचे, वरचेवर पाणी शिंपडायचे. आठवड्याभरात मुळांसकट उचलून शेळीपुढे टाकता येईल असा हिरवा थर तयार होतो. (आपल्याकडे दुष्काळात मक्याचा असाच चारा उगवणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही.) मला विशेष महत्त्वाचे वाटते ते पुढचे पाऊल: महागड्या, बंदिस्त यंत्रणेवर न थांबता स्थानिक साहित्यातून, घरच्या बाईला स्वतः चालवता येईल अशी स्वस्त मांडणी करण्यात आली. त्यामुळे दूध वाढते, ते आधी घरातल्या मुलांच्या पोटात जाते आणि उरलेले दूध किंवा एखादे करडू विकून हातात चार पैसे येतात.

तरी या पद्धतीचे नको तितके कौतुकही करू नये. एक किलो बियाण्यापासून सहा-सात किलो चारा मिळतो असे सांगितले जाते, परंतु वाढलेले वजन बहुतांशी पाण्याचे असते आणि कोरडा अंश उलट थोडा घटतो. त्यामुळे केवळ या चाऱ्यावर कळप पोसणे अवघडच. खरकट्याला आणि पुठ्ठ्याला ताज्या हिरव्या चाऱ्याची जोड मिळते, एवढा लाभ मात्र खरा आहे. शिवाय जवाचे बी बाहेरूनच आणावे लागते आणि वाळवंटात पाण्याची किंमत निराळी सांगायला नको. म्हणून अशा प्रकल्पासाठी निधी मागणाऱ्याने बियाणे, पाणी, सावली आणि जनावरांच्या डॉक्टरची फेरी यांचा निदान दोन वर्षांचा खर्च आधी मांडावा आणि वाटायच्या शेळ्यांचा आकडा त्याखाली लिहावा.