समान हक्क? आधी खिशातलं कार्ड बघा

फॅमिली ग्रुपवरचे फॉरवर्ड मी सहसा वाचत नाही. वाचले तरी उत्तर देत नाही, कारण उत्तर दिलं की मामा "तू डावी झालीस" म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. मामाने टाकलेला इस्रायल-पॅलेस्टाइनवरचा हा एक मात्र सोडवेना. भाचीने तो जसाच्या तसा कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेसाठी उतरवून घेतला आणि "मावशी, शुद्धलेखन बघून दे" म्हणून मला पाठवला. शुद्धलेखन ठीक आहे. बाकीचं बघते.

मजकुरात पाच दावे आहेत. पॅलेस्टाइन नावाचा देश कधी नव्हताच, त्यामुळे पॅलेस्टिनी असे कोणी लोकही नाहीत. अरबांना २२ देश आहेत, ज्यूंना एकच. इस्रायलमध्ये अरबांना ज्यूंइतकेच सगळे हक्क आहेत. १९४८ साली इस्रायल झाला तेव्हा अरब आपणहून निघून गेले. आणि दर वेळी त्यांना देश देऊ केला, दर वेळी त्यांनीच तो नाकारला. शेवटी हात जोडलेले तीन इमोजी.

पहिला दावा. स्वतंत्र देश नव्हता, हे खरं. आधी उस्मानी तुर्क होते, मग इंग्रज आले. पण त्या हिशेबाने १९१७ साली इस्रायल नव्हता, जॉर्डन नव्हता, आजचा इराकही नव्हता. देश नव्हता म्हणून माणसं नव्हती, हे कुठलं गणित? इंग्रजांनी १९२२ साली शिरगणती केली तेव्हा साडेसात लाखांवर लोक निघाले, त्यांत ज्यू ११ टक्के. १९२५ साली पॅलेस्टिनी नागरिकत्वाचा हुकूमच निघाला आणि युरोपातून आलेल्या कितीतरी ज्यूंनी हेच नागरिकत्व घेतलं. नाण्यांवर इंग्रजी, अरबी आणि हिब्रू तिन्हींत पॅलेस्टाइनच. आजच्या 'जेरुसलेम पोस्ट'चं नाव १९५० पर्यंत 'पॅलेस्टाइन पोस्ट' होतं, आणि ते ज्यूंनीच चालवलेलं दैनिक. इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर १९६९ साली 'पॅलेस्टिनी असं काही नव्हतंच' अशा अर्थाचं बोलल्या, ते अजून फिरतंय. पंतप्रधान बोलल्या म्हणून शिरगणती पुसली जात नाही.

२२ देशांच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. मामाला एवढंच विचारावं: महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत, मग बेळगावातल्या मराठी माणसाने गप्प गाशा गुंडाळून सोलापूरला का जाऊ नये? त्या विषयावर त्याचा आवाज कसा चढतो ते आम्ही दर दिवाळीला ऐकतो.

आता समान हक्कांचा दावा. सगळ्यात जास्त टाळ्या यालाच पडणार, आणि सगळ्यात मोठी लबाडीही यातच आहे.

आधी त्यातलं खरं मान्य करते, नाइलाजाने का होईना. इस्रायलच्या लोकसंख्येत सुमारे २१ टक्के अरब नागरिक आहेत. ते मत देतात, नेसेटमध्ये, म्हणजे इस्रायलच्या संसदेत, निवडून येतात. २००४ मध्ये सलीम जुब्रान सर्वोच्च न्यायालयाचे कायम न्यायाधीश झाले. २०२१ मध्ये मन्सूर अब्बास यांचा अरब पक्ष सत्ताधारी आघाडीत होता. आसपासच्या कित्येक अरब देशांत सामान्य माणसाला एवढंही मिळत नाही. ठीक.

पण फॉरवर्डमध्ये 'अरबांना' असं लिहिलंय. कोणत्या अरबांना? जॉर्डन नदीपासून समुद्रापर्यंतच्या त्याच पट्ट्यात एकाच समाजाची माणसं वेगवेगळ्या ओळखकार्डांवर जगतात. इस्रायलमधल्या हैफा शहरातला अरब नागरिक आहे. पूर्व जेरुसलेम १९६७ साली जिंकून इस्रायलने आपल्यात घेतलं, पण तिथल्या लोकांना नागरिकत्व न देता 'कायम रहिवासी' ठरवलं. जन्म तिथला, आजोबांचं घर तिथलं, तरी नेसेटला मत नाही. नागरिकत्वाचा अर्ज करता येतो म्हणतात. तो वर्षानुवर्षं पडून राहू शकतो आणि फेटाळलाही जातो. शिकायला किंवा नोकरीला काही वर्षं बाहेर राहिलात आणि 'तुमच्या जगण्याचं केंद्र आता इथे नाही' असं सरकारने ठरवलं, तर रहिवासही जातो. १९६७ पासून असा १४ हजारांवर लोकांचा गेला आहे. न्यूयॉर्कमध्ये वीस वर्षं काढलेल्या इस्रायली ज्यूचं नागरिकत्व असं जात नाही.

वेस्ट बँकेत, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेच्या, १९६७ पासून इस्रायली लष्कराच्या ताब्यातल्या भागात, सुमारे ३० लाख पॅलेस्टिनी आहेत. त्यांच्यातच वसाहती करून राहिलेले काही लाख इस्रायली ज्यू. तिथल्या हेब्रॉन शहरात चौदा वर्षांची दोन मुलं एकमेकांवर दगड मारतात असं समजा. ज्यू मुलगा इस्रायलच्या नागरी कायद्याखाली बाल न्यायालयात जातो. पॅलेस्टिनी मुलगा लष्करी न्यायालयात. पहिल्याचे आईवडील नेसेटला मत देतात. दुसऱ्याच्या आईवडिलांवर ज्या लष्कराचा हुकूम चालतो, ते चालवणारं सरकार निवडण्यात त्यांना काडीचं स्थान नाही. १९६७ पासून हे असंच चालू आहे. यात समान काय आहे, तर दगड.

बरं, पूर्ण नागरिक असलेल्यांचं तरी? इकरित नावाचं गाव घ्या. लेबनॉनच्या सीमेजवळ, सगळी ख्रिस्ती अरब वस्ती (हा सगळा मुसलमानांचा मामला आहे असं समजणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते). नोव्हेंबर १९४८ मध्ये लष्कराने सांगितलं, पंधरा दिवसांसाठी गाव सोडा. लोकांनी न भांडता सोडलं. ते इस्रायलचे नागरिक झाले आणि चांगल्या नागरिकासारखे कोर्टात गेले. जुलै १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षीच्या नाताळात लष्कराने गावातली घरं स्फोटकांनी उडवली, चर्च तेवढं ठेवलं. सत्तरच्या दशकापासून गावच्या माणसाला मेल्यावर तिथल्या दफनभूमीत जागा मिळते. जिवंतपणी राहायला अजूनही नाही. निकाल हातात असलेल्या नागरिकांची ही कथा.

आणि हे सगळं जुनं झालं म्हणणाऱ्यांनी १९ जुलै २०१८ ला नेसेटने ६२ विरुद्ध ५५ मतांनी केलेला मूलभूत कायदा (तिथे राज्यघटनेच्या दर्जाचा कायदा) वाचावा. तो वाचला की फॉरवर्डचा निकाल लागतो, दुसरं काही वाचायची गरज नाही. त्याच्या पहिल्याच कलमात म्हटलंय की इस्रायल राज्यात राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त ज्यू लोकांचा आहे. फक्त. अरबी तोवर अधिकृत भाषा होती, तिला 'विशेष दर्जा' देऊन बाजूला बसवलं. ज्यू वसाहती हे राष्ट्रीय मूल्य ठरलं. 'समानता' हा शब्द त्या कायद्यात कुठेही नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दहा विरुद्ध एक मताने उचलून धरला; विरोधातले ते एक न्यायाधीश अरब होते. इंग्रज सरकारच्या १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यातही ज्यूंना 'राष्ट्रीय घर' आणि तेव्हा सुमारे ९० टक्के असलेल्या बाकीच्यांना नुसते 'नागरी आणि धार्मिक हक्क' होते. शंभर वर्षांत हिशेब फारसा पुढे सरकलेला नाही. समान हक्क आहेत हे मामा सांगतो; इस्रायलचा हा कायदा तसं म्हणत नाही.

ज्यूंना स्वतःचं राज्य नको, असं मी म्हणत नाही. युरोपने त्यांचं जे केलं त्यानंतर ते कोण म्हणेल? पण एका समाजाचा हक्क सिद्ध करायला दुसऱ्याचं अस्तित्वच नाकारावं लागत असेल, तर युक्तिवादात काहीतरी कमी पडतंय.

'आपणहून गेले'. काही गेले. हैफात तर एप्रिल १९४८ मध्ये ज्यू महापौर "राहा" म्हणत होते आणि अरब पुढाऱ्यांनी जायचं ठरवलं, हेही नोंदलेलं आहे. पण सुमारे सात लाख माणसं त्या एका शहरातून गेली नाहीत. जुलैमध्ये लिद्दा आणि रामलेतून ५० हजारांवर लोकांना भर उन्हाळ्यात हाकललं. लिद्दातून वयाचा विचार न करता लोकांना हाकला, या हुकुमावर सही होती इत्झाक राबिन यांची, जे पुढे पंतप्रधान झाले. हे इस्रायली इतिहासकारांनीच इस्रायली दफ्तरांतून काढलंय. आणि आपणहून गेले असं धरलं, तरी परत का येऊ देत नाहीत?

लिद्दा म्हणजे आजचं लोद. आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, पुढे तिथे, रामलेत, अश्दोदला जाऊन राहिले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आकस नाही. त्यांनाही तिथे 'तुम्ही खरे ज्यू का' म्हणून छळलं, आणि १९६४ साली नेसेटला ठराव करून ते पूर्ण ज्यू आहेत असं सांगावं लागलं. पण १९५० च्या परतीच्या कायद्याने कोकणात जन्मलेल्या ज्यूला तिथे नागरिकत्व मिळतं आणि लिद्दात जन्मून लेबनॉनच्या छावणीत म्हातारं झालेल्याला मिळत नाही, हे भाचीने भाषणात नक्की घ्यावं. मराठी परीक्षकांना लगेच कळेल.

राहिला शेवटचा दावा. पॅलेस्टाइनची १९४७ ची संयुक्त राष्ट्रांची फाळणीची योजना अरबांनी नाकारली, खरं आहे. आपल्या भारतानेही तिथे तिच्या विरोधातच मत दिलं होतं, हे फॉरवर्डवाल्यांना माहीत नसावं. पुढेही पॅलेस्टिनी नेत्यांनी संधी घालवल्या, आणि हमासने ७ ऑक्टोबर २०२३ ला केलं ते हत्याकांडच. पण १९९३ साली पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेचे नेते अराफत यांनी इस्रायलचं अस्तित्व लेखी मान्य केलं. बदल्यात मिळालं ते संघटनेला 'प्रतिनिधी' म्हणून मान्यतेचं पत्र. पॅलेस्टिनी देशाचा त्यात शब्द नव्हता. १८ जुलै २०२४ ला नेसेटने ६८ विरुद्ध ९ मतांनी ठराव केला की जॉर्डन नदीच्या पश्चिमेला पॅलेस्टिनी देश होऊ द्यायचा नाही. दुसऱ्याच दिवशी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की १९६७ पासूनचा हा ताबा बेकायदा आहे आणि पॅलेस्टिनींचा स्वयंनिर्णयाचा हक्क त्यामुळे डावलला जातो. कोणी कधी काय नाकारलं याची लांबलचक यादी फॉरवर्डमध्ये आहे. तिच्यात या दोन्ही तारखा नाहीत.