सुपरहिरो मारण्याची कृती

समजा, तुमचं नशीब उघडलं. अमेरिकेतल्या दोन बड्या कॉमिक्सवाल्यांपैकी एकाने, मार्वलने म्हणा किंवा डीसीने, तुम्हाला एक मासिक लिहायला दिलं. पात्र तुमच्या आजोबांच्या वयाचं, दिसायला तिशीतलं. हातात वीस पानं. (आधी बावीस असायची. २०११ च्या जानेवारीत डीसीने किंमत २.९९ डॉलरवर रोखून धरण्यासाठी दोन कापली. पुढे बहुतेक अंक ३.९९ ला गेले. कापलेली पानं काही परत आली नाहीत.) आता या पात्राचं करायचं काय? सोपं आहे. मारून टाका.

गोष्टीत त्याच्या मरणापर्यंत जाणारं काही घडलंय का, हा प्रश्न हौशी लोकांचा. तुम्ही कॅलेंडर बघा. सुपरमॅनच्या लेखकांनी खरं तर क्लार्क (म्हणजे साध्या कपड्यातला सुपरमॅन) आणि त्याची प्रेयसी लोइस यांचं लग्न योजलं होतं. पण त्या जोडीवर टीव्ही मालिका येऊ घातली होती, तेव्हा कागदावरचं लग्न थांबवा, असं ठरलं. काही महिन्यांचा मजकूर एकदम रिकामा पडला. मुहूर्त टळला म्हणून नवरदेवालाच उचलला! १८ नोव्हेंबर १९९२ रोजी ‘सुपरमॅन’चा ७५ वा अंक काळ्या पिशवीत सीलबंद होऊन आला, आत दंडाला बांधायची काळी पट्टी. लाखो लोकांनी तो घेतला आणि पुष्कळांनी भाव येईल म्हणून पिशवी फोडलीच नाही. लेखनाबद्दल तक्रार न येण्याचा इतका खात्रीचा उपाय दुसरा सापडलेला नाही. पुढच्या वर्षी साहेब केस मानेपर्यंत वाढवून परत आले. लग्न १९९६ च्या ऑक्टोबरात लागलं, टीव्हीवर आणि कागदावर एकाच आठवड्यात.

त्या मरणात एक युक्ती मात्र खरोखर चांगली होती, आणि ती मान्य करायला हवी. शेवटच्या चार अंकांत पानावरच्या चौकटी उतरत गेल्या: आधी चार, मग तीन, मग दोन, आणि शेवटच्या अंकात पानाला एकच. वाचकाला न सांगता घाव मोठे होत जातात. तुम्ही यातला फक्त शेवटचा भाग घ्या. पानाला एक चौकट ठेवली की अख्खा अंक वीस वाक्यांत उरकतो.

आता धंद्याचं गणित समजून घ्या, म्हणजे लेखन आपोआप जमेल. कॉमिक्सची दुकानं मागणी नोंदवतात ती अंक यायच्या दोन-तीन महिने आधी, कॅटलॉग पाहून. उरलेल्या प्रती सहसा परत घेतल्या जात नाहीत. म्हणजे दुकानदार घेतो तो अंक नव्हे, कॅटलॉगमधली चार वाक्यं. म्हणून आधी ती लिहा. ‘यानंतर काहीही पूर्वीसारखं राहणार नाही’ हे वाक्य त्यात हवंच. मग वीस पानांत काहीही बदलणार नाही याची काळजी घ्या, कारण पात्राचा चेहरा डब्यावर, दप्तरावर आणि चड्डीवर छापलेला असतो. १९८४ मध्ये मार्वलने बारा अंकांचं महायुद्ध काढलं ते मॅटेल कंपनीच्या खेळण्यांसाठी. मुलांना ‘सीक्रेट’ आणि ‘वॉर्स’ हे शब्द आवडतात असं चाचणीत निघालं, म्हणून नावात दोन्ही घातले. कथानक त्यानंतर आलं. क्रम लक्षात ठेवा.

मारलेला उठवायचा कसा? कृती ठरलेल्या आहेत.

पहिली, ‘मेली ती ती नव्हतीच’. एक्स-मेनमधली जीन ग्रे १९८० मध्ये मेली, कारण तिने वस्तीचा एक अख्खा ग्रह संपवला होता आणि मुख्य संपादकाचं म्हणणं पडलं की याला शिक्षा हवी. गोष्टीतून आलेलं मरण, म्हणून ते आजही टोचतं. पाचेक वर्षांत कळलं की ते पाप एका वैश्विक शक्तीने जीनचं रूप घेऊन केलं. खरी जीन न्यूयॉर्कच्या जमेका बेच्या तळाशी कोशात झोपली होती. पाप गेलं, शिक्षा गेली, उरली ती फक्त विक्री.

दुसरी कृती सैतानाची. स्पायडरमॅनचं लग्न १९८७ मध्ये झालं आणि वीस वर्षांनी संपादकांना ते नकोसं झालं. घटस्फोट दाखवला तर नायक वयस्कर वाटतो, बायको मारली तर विधुर, म्हणजे आणखी वयस्कर. तेव्हा २००७ मध्ये नवराबायकोने मे काकूंचा जीव वाचवण्यासाठी आपलं लग्न सैतानाला देऊन टाकलं. घटस्फोटापेक्षा सैतानाशी सौदा घरंदाज, हे नीतिशास्त्र नीट पाठ करा.

तिसरी कृती आकडेमोडीची, आणि कारागिरी म्हणून ती मला सगळ्यात सुंदर वाटते. पहिला अंक जास्त खपतो, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी क्रमांक एकपासून सुरू करा. मोठा गोल आकडा जवळ आला की जुनी मोजणी परत आणा. ‘फँटॅस्टिक फोर’मधला ह्यूमन टॉर्च २०११ च्या जानेवारीत ५८७ व्या अंकात मेला. ५८८ वर मासिक बंद. नव्या नावाने, एकपासून, अकरा अंक. पाचशे अठ्ठ्याऐंशी अधिक अकरा, पाचशे नव्व्याण्णव. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जुन्या नावाने अंक आला, क्रमांक ६००, आणि त्यात टॉर्च जिवंत! आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून आलेल्या वेताळाने हा प्रश्न साध्या कौटुंबिक रीतीने सोडवला होता: बाप मरतो, मुलगा तोच पोशाख चढवतो, सध्याचा एकविसावा. पण त्यात बाप खरोखर मरतो, हा मोठाच दोष.

वाचकांना विचारूनही मारता येतं. १९८८ मध्ये बॅटमनच्या पोरसवदा साथीदाराचं, दुसऱ्या रॉबिनचं म्हणजे जेसन टॉडचं, काय करायचं यावर डीसीने फोनवर मतदान घेतलं. एका फोनला पन्नास सेंट. ५,३४३ विरुद्ध ५,२७१ मतांनी पोरगा गेला. बहात्तर मतांचा तो कौलही २००५ मध्ये फिरवला गेला आणि जेसन उठला. कॅप्टन अमेरिकेचा मेलेला साथीदार बकीही त्याच वर्षी. कायमचे मेलेले म्हणून पूर्वी तीन नावं घेत, त्यातले आता फक्त स्पायडरमॅनचे बेनकाका उरले आहेत, बिचारे.

बाकी किरकोळ. गोष्ट ताणायला शिका, कारण पाच-सहा अंकांचं पुढे पुस्तक बांधतात. स्पायडरमॅनचा जन्म १९६२ मध्ये अकरा पानांत झाला होता. २००० साली तोच नव्याने सांगायला सात अंक लागले. धक्का नेहमी सम क्रमांकाच्या पानावर द्यावा, म्हणजे वाचक पान उलटतो आणि डावीकडे तो समोर येतो, असं जाणकार सांगतात. तुम्ही त्यात वेळ घालवू नका. मध्ये एका पानाची जाहिरात येऊन बसली की तुमचं सम पान विषम होतं आणि खुनी उजव्या बाजूला आधीच दिसतो. पात्रांच्या बोलण्याच्या फुग्यात मजकूर किती घालायचा? एका चौकटीत पस्तीसच्या आसपास शब्दांपलीकडे गेलं की चित्र झाकायला लागतं. चित्रकाराला उशीर होऊन पार्श्वभूमी कोरी आली असेल तर मात्र झाकलेलंच बरं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: चांगलं नवं पात्र सुचलं तर इथे चुकूनही देऊ नका. सिगल आणि शुस्टर यांनी १९३८ मध्ये सुपरमॅन दिला, १३० डॉलरला, तेरा पानांचे पानाला दहाप्रमाणे. पात्र कंपनीचं झालं आणि ते दोघे पुढे आयुष्यभर भांडत राहिले. तेव्हापासून शहाणा लेखक इथे जुन्याच खलनायकांना नवे कपडे शिवतो आणि नवी कल्पना घरी नेऊन ठेवतो. बड्या मासिकांत प्रतिभा नाही, असं म्हणणाऱ्यांना हे कळत नाही की प्रतिभा तीच असते. फक्त ती पाच वाजता घरी जाते.

घरी जाऊन ती काय करते ते मात्र पाहू नका, सवय बिघडेल. १९९२ मध्ये मार्वलचे सात गाजलेले चित्रकार बाहेर पडले आणि त्यांनी ‘इमेज’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, हक्क ज्याचे त्याला. सुरुवातीला ते लेखक बरोबर घ्यायलाच विसरले होते, इतका तिथला मजकूर वाईट असे, पण तेवढ्यावर विसंबू नका. त्याच इमेजमध्ये ‘वॉकिंग डेड’ २०१९ मध्ये १९३ व्या अंकाला न सांगता संपलं. कॅटलॉगमध्ये पुढच्या अंकांची खोटी जाहिरातसुद्धा देऊन ठेवली होती. चालतं दुकान बंद करायचं, आणि तेही गोष्ट संपली म्हणून? हर्नांडेझ बंधूंच्या ‘लव्ह अँड रॉकेट्स’मधली मॅगी १९८१ पासून आमच्यातुमच्यासारखी म्हातारी होत चालली आहे, वजनासकट. क्लीव्हलंडच्या सरकारी इस्पितळात फाइली लावणाऱ्या हार्वी पेकारला तर चित्रही काढता येत नव्हतं. काड्यांची माणसं काढून तो चित्रकारांना द्यायचा, आणि १९७६ पासून स्वखर्चाने अंक काढायचा. विषय काय, तर दुकानातल्या रांगेत कोणाच्या मागे उभं राहू नये. असल्या गोष्टीची बाहुली कोण विकत घेणार?

मोकाट सुटलेला लेखक कुठवर जातो तेही बघून ठेवा. डेव्ह सिमने ‘सेरेबस’ हे आपलं मासिक तीनशे अंकांत संपवायचा निश्चय केला आणि २००४ मध्ये पुरा केला, नायकाच्या मरणासकट. मधल्या काळात मात्र गोष्ट बाजूला पडून बारीक टायपात बायकांविषयी आणि धर्माविषयी लेखकाची मतंच पानंच्या पानं येऊ लागली. थांब म्हणणारा संपादक नव्हता.

तरीही स्वतःचा अंक काढायची खुमखुमी आलीच, तर निदान नुकसान कमी ठेवा. ए-फोर आकाराचे चार कागद घ्या, मधोमध दुमडून एकात एक घाला: सोळा पानं. पानांची संख्या चारच्या पटीतच ठेवा, नाहीतर मागे कोरी पानं उरतात. आतल्या कागदांच्या कडा बाहेर डोकावतात, तेव्हा कडेला पुरेशी जागा सोडा आणि टाचल्यावर एकदाच सरळ कापा. साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही, लांब हाताचा लागेल. झेरॉक्सवाल्याला दोन्ही बाजूंनी छापताना कागद आखूड कडेवर उलटायला सांगा, नाहीतर निम्मी पानं डोक्यावर उभी येतील. मुखपृष्ठाला एक धरून मोजा. दहावं पान उलटल्यावर डावीकडे येतं, तिथे जाहिरात नाही. तिथे त्याला मारा. अकराव्या पानावर तो मेलेलाच असेल. सोळाव्यावरही.